मॉडेल वनस्पती आणि मामाची पऱ्हाटी

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देते आहे. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे "अं... अं..." आणि खालून गेलेल्या भाजीवाल्याची हाक काढून टाकली.

आधी एक छोटं काम करा. अंगात सुती टी-शर्ट असेल तर शिवणीतून सुटलेला एखादा दोरा ओढा आणि त्याचा पीळ उलगडा. उलगडत गेलात की शेवटी केसाहूनही बारीक असा एक तंतू बोटांत येईल. तो तंतू म्हणजे एक पेशी. होय, एकच. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या सालीत ज्या पेशी पाहिल्या, तशीच एक, फक्त ताणून अडीच-तीन सेंटिमीटर लांब झालेली. सरकीच्या सालीवरची ही पेशी फूल उमलतं त्या दिवशी फुगायला लागते, पुढचे दोन-अडीच आठवडे नुसती लांब होते, मग आतून भिंत जाड करते आणि बोंड फुटायच्या सुमाराला मरून वाळते. आपण अंगावर घालतो ती मेलेल्या पेशींची भिंत.

आज मॉडेल वनस्पतींबद्दल बोलायचं आहे. रॅम्पवर चालणाऱ्या मॉडेल नव्हेत. प्रयोगशाळेत एका झाडावर खूप काम करायचं आणि तिथे कळलेलं बाकीच्या झाडांना लावून बघायचं, त्या झाडाला मॉडेल म्हणतात. वनस्पतिशास्त्रात हा मान आहे अरबिडॉप्सिसला. मोहरीच्या कुळातलं, वीतभर उंचीचं, पांढऱ्या बारक्या फुलांचं एक तण. खायला नाही, औषधाला नाही, देवाला वाहायलाही नाही.

मी नागपुरात एमएस्सी केलं, नंतर दोन वर्षं एका प्रयोगशाळेत याच तणावर काम केलं. एका दिवाळीत मामाकडे गेले होते. मामाची शेती हिंगणघाट तालुक्यात, सगळी पऱ्हाटी. मोठ्या कौतुकाने मोबाइलवर माझ्या रोपांचे फोटो दाखवले. मामाने चष्मा वर केला.

"काय वं, हे काय गवत लावून ठेवलं?"

"मामा, यावर जगभर संशोधन होतं."

"जनावरं खातेत याले?"

"नाही."

"मंग दोन वर्षं याच्या मागं काऊन घालवून राहिली?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. उत्तर मला येत होतं, पण त्या ओसरीवर ते देता येण्यासारखं नव्हतं. आज देते.

अरबिडॉप्सिस निवडलं ते सोयीसाठी. फ्रिडरिक लायबाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०७ साली त्याची गुणसूत्रं मोजली, ती फक्त पाच जोड्या निघाली. पुढे १९४३ मध्ये त्यानेच सुचवलं की आनुवंशिकतेच्या अभ्यासाला हे झाड छान आहे. बी पेरल्यापासून नवं बी हातात यायला साधारण सहा आठवडे. एका रोपाला हजारो बिया. एका ट्रेमध्ये शेकडो रोपं मावतात. जीनोम लहान, साडेतेरा कोटी अक्षरांचा, म्हणून २००० साली सगळ्या वनस्पतींमध्ये पहिल्यांदा याचाच वाचून झाला. आणि नवं जनुक घालायचं असेल तर एका विशिष्ट जिवाणूच्या पाण्यात फुलं बुडवायची, बस. पाणीपुरी बुडवण्याएवढं सोपं म्हणत नाही, पण फार लांबही नाही.

आता याच्या शेजारी कापूस ठेवा. पाच-सहा महिन्यांचं पीक. माणसाच्या छातीपर्यंत वाढतं, ट्रेमध्ये मावत नाही. आज आपण जो लावतो त्या अमेरिकन कापसाचा जीनोम सुमारे अडीचशे कोटी अक्षरांचा. आणि जनुक घालायचं म्हटलं तर हे झाड रुसून बसतं. एखाद्या पेशीत जनुक घातलं तरी त्या पेशीपासून पुन्हा पूर्ण झाड उभं राहायला हवं ना? बहुतेक जाती काही केल्या उभ्याच राहत नाहीत. जी सहज उभी राहते ती 'कोकर ३१२' नावाची जुनी अमेरिकन जात. म्हणून बीटीचं जनुक आधी कोकरमध्ये घातलं आणि तिथून संकर करत करत बाकीच्या जातींत आणलं. वर्ध्या-यवतमाळच्या शेतातल्या बीटी पऱ्हाटीच्या घराण्यात कुठेतरी ही कोकर आजी आहेच.

मग असल्या हट्टी झाडाला मॉडेल कोण म्हणेल? पण म्हणतात, आणि त्याची कारणं भारी आहेत.

पहिलं कारण तो टी-शर्टचा तंतू. पेशी लांब कशी होते, थांबते कधी, भिंत कशी बांधते, हे बघायला एवढी मोठी आणि एकटी पेशी झाडांत दुसरीकडे सहज मिळत नाही. झाडाचं लाकूड, भाताचं तणीस, तुमच्या वहीचा कागद, सगळ्याचा पाया सेल्युलोज. पण वनस्पतीमध्ये सेल्युलोज बनवणारं जनुक कोणतं, हे कित्येक वर्षं सापडत नव्हतं. ते सापडलं १९९६ मध्ये, कापसात. डेबोरा डेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतू भिंत जाड करत असतो नेमक्या त्या दिवसांत चालू असलेली जनुकं तपासली. त्या काळात ती पेशी सेल्युलोजशिवाय दुसरं फारसं काही करतच नाही. त्यातली काही जनुकं जिवाणूंच्या सेल्युलोजवाल्या जनुकासारखी निघाली. दोन वर्षांनी अरबिडॉप्सिसमधल्या एका बिघडलेल्या रोपाने पक्का पुरावा दिला. म्हणजे चोर पकडला कापसाने, साक्ष दिली तणाने. मामाला त्या दिवशी मी हे सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. आपला देशी कापूस, म्हणजे आर्बोरियम, त्यात १३ जोड्या गुणसूत्रं. अमेरिकन कापूस, हिर्सुटम, त्यात २६ जोड्या. १९३० च्या दशकात स्कोव्हस्टेड नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्या २६ पैकी १३ मोठ्या आहेत आणि १३ लहान. मोठ्या आपल्या देशी कापसासारख्या, लहान अमेरिकेतल्या रानटी कापसासारख्या. १९४० मध्ये बीसलीने देशी कापूस आणि अमेरिकन रानकापूस यांचा संकर केला, त्याची गुणसूत्रं दुप्पट केली, आणि ते झाड अमेरिकन कापसाशी जुळलं! दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या कापसाचं बी कसंतरी समुद्रापार गेलं आणि तिथल्या रानकापसाशी त्याचं लग्न लागलं. देशी विरुद्ध अमेरिकन असं आपण भांडतो खरं, पण अमेरिकन कापसाचा अर्धा जीनोम आपल्या देशी कापसाच्या भाऊबंदांचा आहे. गंमत म्हणजे त्या रानकापसाला कातण्याजोगा धागाच नसतो. तरी दोघं एकत्र आले तेव्हा धागा दोघांपेक्षा सरस झाला. हे का घडलं, हा आजही चालू असलेला प्रश्न आहे, आणि दुप्पट जीनोमच्या अभ्यासात कापसाचं नाव गव्हाच्या बरोबरीने घेतलं जातं ते यामुळे. या प्रश्नासाठीच एकामागून एक जीनोम वाचले गेले: २०१२ मध्ये पेरूच्या रानकापसाचा, २०१४ मध्ये देशीचा, २०१५ मध्ये अमेरिकन कापसाचा.

आता नागपूर. एम्प्रेस मॉलमध्ये सिनेमा बघितलाय ना? त्या जागी एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ती सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून हे नाव. मिल इथे का? कारण कापूस इथे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटचा 'बनी' कापूस तेव्हा लांब धाग्यासाठी नावाजलेला होता, आणि सरकारने त्या काळात चक्क कापूस आयुक्त नेमला होता.

इथे जरा थांबते, कारण माझा मुद्दा इथे आहे. त्या काळापासून कापसाला जे प्रश्न विचारले गेले ते गिरणीचे प्रश्न होते. धागा किती लांब? किती बारीक सूत निघेल? रुईचा उतारा किती? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण काळ्या मातीत एक पाऊस चुकला तर झाड टिकतं का, बोंडातला कापूस वेचायला किती वेळ लागतो, पुढच्या वर्षीचं बी घरचं राहतं का, हे प्रश्न शेतात होते, प्रयोगवहीत फार उशिरा आले. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक कापूस देशी होता. आज नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र अमेरिकन जातीच्या संकरित बीटीखाली आहे.

संकरित कापूस ही भारताचीच देणगी, बरं का. १९७० मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ आणला, व्यापारी तत्त्वावर लागलेला जगातला पहिला संकरित कापूस. १९७६ मध्ये नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था उभी राहिली. वर्धा रोडने खापरीकडे जाताना लागते ती. तिच्या जनुकपेढीत कापसाचे दहा हजारांहून जास्त नमुने जपून ठेवलेले आहेत. मेट्रोत बसून रील बघत आपण रोज त्या बाजूने जातो.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. हिरवी बोंडअळी खरंच आटोक्यात आली, हे मान्य करायलाच हवं. मामाच्या फवारण्या त्या वर्षांत कमी झाल्या, घराला स्लॅब पडला. मग आली गुलाबी.

२०१७. मामाने पहिला वेचा घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला बोंडं फुटेचनात. फोडून बघावं तर आत किडकी सरकी आणि पिवळी पडलेली कवडी. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की लगेच बोंडात शिरते, मागचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं. लोकांनी घाबरून मिळेल ते फवारलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. मामाच्या शेजारच्या गावातला एक माणूस आठ दिवस दवाखान्यात होता, वाचला. मामाने उभी पऱ्हाटी रोटावेटरखाली घातली. मी फोन केला तर एवढंच म्हणाला, "तुह्या शाळेत विचार, बियाण्यात औषध असून अळी मेली काऊन नाही?"

विचारलं. वाचलं. आणि जे कळलं ते मेंडेलच्या वाटाण्याएवढं साधं निघालं.

बियाणं संकरित. दोन आईबापांपैकी एकाकडून बीटीचं जनुक आलं तर झाडाकडे त्याची एकच प्रत असते. झाडाच्या पानात, पात्यात, फुलात विष असतं. पण त्याच झाडाच्या बोंडात जी सरकी तयार होते ती पुढची पिढी. दहावीचा तक्ता आठवा: तीनास एक. चार सरक्यांमागे एकीत ते जनुक नसतं. दोन जनुकं असली तर हिशेब थोडा वाढतो, पण तत्त्व तेच: काही सरक्यांत दोन्ही, काहींत एकच, काहींत काहीच नाही. आणि गुलाबी अळी खाते काय? सरकीच! एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी दाणे शेजारी शेजारी वाढलेले मिळतात. थोडं विष चाखा, थोडं जेवा, सवय करा. प्रतिकार वाढायला याहून चांगली शिकवणी कुठली?

यात भर म्हणजे आपल्याकडचं लांब मुदतीचं पीक आणि वरून फरदड. डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला बारा महिने खाणावळ. अमेरिकेत संकरित नाही तर सरळ वाण लावतात, तिथे सगळ्या सरक्यांत जनुक असतं. तिथे बीटी, वांझ पतंग सोडणं आणि इतर उपाय एकत्र करून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. जनुक तेच. शेत, बियाण्याची पद्धत आणि बाजार वेगळा. आपल्याकडे संकरित का टिकलं? संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, आणि हे विकणाऱ्याला सोयीचं आहे. हे माझं मत, कुणाला पटणार नाही, चालेल.

म्हणजे बघा, अळी का मेली नाही या मामाच्या प्रश्नाचं उत्तर जनुकाच्या आत नव्हतं. ते बोंडात होतं. आणि बोंड अरबिडॉप्सिसला येत नाही. तणाने आपल्याला फुलण्याची वेळ, मुळांची वाढ, रोगाशी झुंज यांची मूळ यंत्रणा शिकवली. पण काही प्रश्न त्या झाडावर विचारताच येत नाहीत.

पुढे काय? जनुक-संपादन हा शब्द ऐकला असेल, झाडाच्या स्वतःच्याच जनुकात बारीक दुरुस्ती. भारताने मार्च २०२२ मध्ये, बाहेरचं जनुक न राहणाऱ्या अशा पिकांना जनुक-परिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीरही झाले. कापसाला मात्र तोच जुना अडथळा आहे: कोकर आजीसारख्या मोजक्या जाती सोडल्या तर कुणी टिश्यू कल्चरमध्ये नीट उभं राहत नाही. आपल्या देशी जातीला उभं राहायला शिकवणं हे कंटाळवाणं, बिनग्लॅमरचं काम आहे, पण ते झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही.

सरकीचंही बघा. एक किलो रुईमागे दीड किलोहून जास्त सरकी निघते, तिच्यात प्रथिनं भरपूर, पण गॉसिपॉल नावाचं विष असतं, म्हणून पेंड मुख्यतः गाई-म्हशींना. टेक्सासमध्ये भारतीय वंशाच्या कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये फक्त सरकीतलं गॉसिपॉल घटवून दाखवलं, पानांतलं तसंच ठेवलं, कारण झाडाला किडींपासून ते वाचवतं. २०१९ मध्ये तिथे ते माणसांच्या खाण्यासाठीही मान्य झालं. आणि चंद्रावर? जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या चांग-ई ४ यानातल्या डब्यात पहिला कोंब फुटला तो कापसाचा. चंद्रावरची रात्र झाली आणि गारठून मेला. अरबिडॉप्सिसला चंद्राची माती मिळाली ती नंतर, तीही फ्लोरिडात बसून. एवढा एक सामना पऱ्हाटीने जिंकला.

पण मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती देशी कापसाची. पाणी कमी लागतं, रसशोषक किडी कमी त्रास देतात, पानं चुरडा-मुरडा करणारा विषाणू त्याला लागत नाही. लवकर येणारी जात घेतली तर अळीचा जोर वाढायच्या आत वेचणी आटोपते. परभणीच्या विद्यापीठाने पीए २५५ सारख्या लांब धाग्याच्या देशी जाती काढल्या, म्हणजे गिरणीच्या प्रश्नाचंही उत्तर बरंचसं मिळालं. अडलंय ते दुसरीकडे. देशीचं बोंड लहान, आणि फुटलं की कापूस लोंबतो, वाऱ्याने गळून मातीत पडतो. आमच्या मामीसोबत वेचायला येणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते. बोंड लहान म्हणजे दिवसभर वाकून हातात निम्मे पैसे. त्या देशीच्या शेतात यायलाच नाही म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. बोंडात कापूस धरून ठेवणारी जनुकं कोणती, हा प्रश्न तंतूच्या लांबीइतकाच शास्त्रीय आहे. जीनोम तर २०१४ पासून वाचलेला पडला आहे.

मी आता तणावर काम करत नाही. कापसाच्या बोंडांवर करते, आणि माझी अर्धी रोपं मरतात.

यंदा मामाने दोन एकरांत देशी लावला. जिनिंगवाला भाव देईल की नाही याची खात्री नाही, मामीचा तर विरोधच होता. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एका पिवळ्या फुलाचा फोटो आला, थोडा हललेला, आणि खाली मामाचा आवाज: "हे घे तुहं मॉडेल. वेचायले तू येजो. बाया नाही म्हणून राहिल्या."

दिवाळीनंतर जाणार आहे.